इंजिनाची नाडीपरीक्षा

मंडळी, चाळिशी ओलांडली की आपल्या प्रत्येकाच्या घरात एक फाइल तयार होते. दरवर्षीच्या रक्ततपासणीचे कागद त्यात जमत जातात. साखर इतकी, कोलेस्टेरॉल तितके, मूत्रपिंडाचे आकडे वेगळे. डॉक्टर एकाच कागदाकडे बघून फारसे बोलत नाहीत, "मागचे रिपोर्ट आणलेत का?" असे विचारतात. १०२ ची साखर पाच वर्षे १०२ च असेल तर एक अर्थ, आणि ८५ वरून चढत चढत १०२ झाली असेल तर अगदी दुसरा! मोटारीच्या इंजिनाचीही अशीच तपासणी करता येते. रक्ताच्या जागी वापरलेले तेल, एवढाच काय तो फरक. या वेळच्या सदरात त्याबद्दलच गप्पा मारायच्या आहेत.

विषय निवडायला निमित्त झाले. पूर्वी आपल्या कार्यक्रमांना शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये कॅमरी आणि अकॉर्ड यांची शिस्तीत रांग लागलेली असायची. आता मधूनच एखादी एम थ्री, एखादी पोर्श डोकावते. चालक अर्थातच दुसऱ्या पिढीचे. तिळगुळाच्या कार्यक्रमात एका गृहस्थांनी आम्हाला बाजूला घेऊन विचारलं, "चिरंजिवांनी जुनी एम थ्री बघून ठेवली आहे. विकणाऱ्याने तेलाचा लॅब रिपोर्ट दाखवला. सगळे आकडे नॉर्मल आहेत. म्हणजे इंजिन चांगलं समजायचं ना?" प्रश्न साधा वाटतो, पण त्यावर काही हजार डॉलर अवलंबून आहेत. म्हणून जरा सविस्तर उत्तर देतो.

बोटावरचे तेल आणि प्रयोगशाळेतले तेल

तिकडच्या गॅरेजमधला जुना मिस्त्री आठवा. डिपस्टिक काढायची, तेलाचा थेंब अंगठा आणि बोट यांच्यात चोळायचा, वास घ्यायचा आणि "साहेब, तेल संपलंय यातलं" असा निकाल द्यायचा! त्या बोटाला अनुभव होता, यात शंका नाही. पण बोटाला मर्यादाही होत्या. तेल काळे झाले म्हणजे बिघडले, हा त्यातलाच एक समज. चांगल्या तेलात काजळी धरून ठेवणारे पदार्थ मुद्दाम घातलेले असतात. तेल काळे होते ते पुष्कळदा आपले काम नीट करत असल्यामुळेच. उलट सोनेरी दिसणाऱ्या तेलात बेअरिंगचा धातू उतरलेला असू शकतो, आणि तो बोटाला कळत नाही.

यावर उपाय शोधला तो रेल्वेवाल्यांनी. अमेरिकेत वाफेची इंजिने जाऊन डिझेल इंजिने आली, तेव्हा १९४६ च्या सुमारास डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न या रेल्वेने वापरलेल्या तेलातले धातू वर्णपटाच्या साहाय्याने मोजायला सुरुवात केली. इंजिन न उघडता आतली झीज कळू लागली. पुढे १९५० च्या दशकात अमेरिकन नौदलाने हे तंत्र विमानांच्या इंजिनांसाठी उचलले. रेल्वेचे इंजिन रस्त्यात बंद पडले तर खोळंबा होतो, विमानाचे पडले तर काय होते ते सांगायला नको. आज तीच तपासणी घरगुती मोटारीसाठी पोस्टाने करून घेता येते. इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन इथली ब्लॅकस्टोन ही प्रयोगशाळा मोटारवेड्यांमध्ये प्रसिद्ध आहे, आणि इतरही आहेत. बाटली पाठवायची, थोड्या दिवसांत अहवाल येतो. खर्च दोघांच्या बाहेरच्या जेवणाएवढा.

तपासणीचे तत्त्व आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. दिवाळीच्या फटाक्यांत लाल रंग स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा, निळसर तांब्याचा. प्रत्येक मूलद्रव्य तापले की आपापल्या ठरलेल्या रंगाचा प्रकाश देते. प्रयोगशाळेत तेलाचा नमुना पातळ करून त्याचा फवारा आर्गॉन वायूच्या प्लाझ्मात सोडतात. त्याचे तापमान सूर्याच्या पृष्ठभागापेक्षाही जास्त. त्या प्रकाशातले रंग वेगळे करून प्रत्येक रंग किती तीव्र आहे ते यंत्र मोजते, आणि लोखंड इतके, शिसे तितके असा हिशेब कागदावर छापून येतो. थोडक्यात काय, लाखो रुपयांची फुलबाजी!

आकडे असतात दशलक्षांशात, म्हणजे पी.पी.एम. मध्ये. हे माप किती बारीक आहे ते पाहा. आपण ज्या एम थ्रीबद्दल बोलणार आहोत तिच्या इंजिनात ८.८ लिटर तेल मावते, म्हणजे साधारण साडेसात किलो. अहवालात शिसे १० पी.पी.एम. आले, तर सगळ्या तेलात मिळून शिसे झाले सुमारे ७५ मिलिग्रॅम. तांदळाचे तीन-चार दाणे! एवढ्याशा धातूवरून आतल्या सोळा बेअरिंग-वाट्यांची खबर काढायची आहे.

कोणता धातू कोणाच्या घरचा

अहवाल वाचताना पहिला प्रश्न असा की हा धातू आला कुठून? लोखंड येते क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट, टायमिंग चेन यांतून, आणि जिथे सिलिंडर लोखंडी असतात तिथे त्यांतूनही. क्रोमियम बहुधा पिस्टन रिंगचे. अॅल्युमिनियम पिस्टनचे. शिसे, तांबे आणि कथील ही बेअरिंगवाली मंडळी. सिलिकॉन म्हणजे बाहेरची धूळ, पण नव्या इंजिनात ते सांधे बंद करणाऱ्या सीलंटमधूनही येते. सोडियम आणि पोटॅशियम एकदम वाढले तर कूलंट तेलात शिरत असल्याची शंका घ्यावी.

याशिवाय काही मूलद्रव्ये तेल बनवणाऱ्यानेच घातलेली असतात. जस्त आणि फॉस्फरस झीज रोखण्यासाठी, कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम सफाईसाठी, मॉलिब्डेनम घर्षण कमी करण्यासाठी. काही तेलांत टायटॅनियमचे संयुगही असते. ते अहवालात दिसले की नवखा माणूस हादरतो, "कनेक्टिंग रॉड विरघळतोय की काय?" म्हणून शहाणे लोक एकदा त्याच तेलाच्या न वापरलेल्या डब्यातला नमुनाही तपासून घेतात. मुळात काय होते हे कळल्याशिवाय नंतर काय मिळाले ते कळत नाही.

धातूंखेरीज तेलाचा चिकटपणा मोजतात. ६० ग्रेडच्या तेलाचा चिकटपणा १०० अंश सेल्सिअसला २१.९ सेंटिस्टोक किंवा त्याहून जास्त असावा लागतो. तो बराच उतरला असेल तर तेल दाबाखाली फाटले आहे, नाहीतर त्यात पेट्रोल मिसळले आहे. पेट्रोल मिसळले असेल तर तेल पेट घेण्याचे तापमानही उतरते. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की चोर सापडतो.

एम थ्रीचे प्रकरण

आता मूळ मुद्द्याकडे येतो. बी.एम.डब्ल्यू.ने २००७ ते २०१३ या काळात बनवलेल्या एम थ्रीमध्ये 'एस ६५' नावाचे चार लिटरचे व्ही एट इंजिन होते. ताकद ४१४ अश्वशक्ती, तीही ८,३०० फेऱ्यांवर. म्हणजे क्रँकशाफ्ट सेकंदाला सुमारे १३८ वेळा फिरणार! प्रत्येक फेरीत पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड एकदा वर एकदा खाली झोकले जातात, आणि तो सगळा हिसका रॉडच्या खालच्या टोकाला असलेल्या बेअरिंगच्या दोन वाट्या सोसतात. आठ रॉड, सोळा वाट्या.

इथे बेअरिंग म्हणजे सायकलच्या चाकातल्या छऱ्यांसारखे काही नाही. ती धातूची अर्धगोल पट्टी असते. शाफ्ट आणि वाटी यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर असतो, आणि शाफ्ट त्या थरावर अक्षरशः तरंगतो. थर शाबूत असेल तर धातूला धातू लागतच नाही आणि झीज जवळजवळ होत नाही. लागते ते इंजिन सुरू होताना, गार तेल अजून नीट पोचले नसताना जोर लावला तर, किंवा तेल पातळ झाले, दाब कमी पडला तर.

या घराण्यात बेअरिंगचा आजार नवा नाही. आधीच्या पिढीच्या, सहा सिलिंडरच्या एम थ्रीमध्ये ही तक्रार आली होती, आणि २००३ मध्ये कंपनीने बऱ्याच मोटारींची रॉड बेअरिंग्ज स्वखर्चाने बदलून दिली होती. व्ही एटमध्ये हा प्रश्न पुन्हा उपटला. वाटी आणि शाफ्ट यांच्यातली फट या जाड १०W-६० तेलाच्या मानाने कमी ठेवली, असे एक मत आहे. गार इंजिन पिळण्याच्या सवयीला दोष देणारे दुसरे मत आहे. वाद अजून चालू आहे. पण मायलेज झालेल्या गाडीच्या बेअरिंग्ज उघडल्यावर वरचा थर उडून खालचे तांबे दिसते, हे पुष्कळ मालकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. वाटी फिरली किंवा रॉड तुटला तर सगळे इंजिन जाते. वेळेवर बेअरिंग्ज बदलायला बाहेरच्या चांगल्या गॅरेजमध्ये दोन-चार हजार डॉलर लागतात, इंजिन गेले तर त्याच्या कितीतरी पट. म्हणूनच या गाडीचे मालक तेलाच्या अहवालाकडे परीक्षेच्या निकालासारखे डोळे लावून बसतात.

शिसे दिसत नाही, म्हणजे नाहीच का?

इथे एक गंमत आहे, जी माहीत नसल्यामुळे भलेभले फसतात. या इंजिनाच्या सुरुवातीच्या बेअरिंग्ज शिसे-तांब्याच्या होत्या. पोलादी पाठ, त्यावर तांबे-शिशाचा थर, वर मऊ लेप. अशा बेअरिंगची झीज झाली की अहवालात आधी शिसे वाढते. झीज खालच्या थरापर्यंत गेली की तांबेही चढू लागते. म्हणजे शिसे हा पहिला इशारा आणि तांबे हा दुसरा.

पण युरोपीय संघाने जुन्या मोटारींच्या विल्हेवाटीसाठी २००० साली केलेल्या नियमांत शिशावर बंधने आणली, आणि इंजिनाच्या बेअरिंग्जना दिलेली सवलत १ जुलै २०११ रोजी संपली. त्यामुळे व्ही एटच्या नंतरच्या गाड्यांत अॅल्युमिनियम-कथिलाच्या, बिनशिशाच्या बेअरिंग्ज आल्या. आता त्या गाडीचा अहवाल घ्या. शिसे शून्य! मालक खूश, विकणारा त्याहून खूश. पण जिथे शिसे नाहीच तिथून ते येणार कसे? या गाडीत कथील आणि अॅल्युमिनियम बघायला हवे, आणि अॅल्युमिनियम तर पिस्टनमधूनही येते. शिवाय या इंजिनाचा ब्लॉकच अॅल्युमिनियम-सिलिकॉनच्या मिश्रधातूचा आहे. म्हणजे नव्या बेअरिंगची कुजबुज सगळ्या घराच्या गोंगाटात ऐकावी लागते. तेव्हा अहवाल हातात घेण्याआधी आपल्या गाडीत कोणत्या धातूची बेअरिंग्ज आहेत, मधल्या काळात कोणी बदलली आहेत का, हे विचारणे पहिले काम.

पासबुक, पण शिलकीविना

आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. तेलाचा अहवाल आजवर किती झीज झाली ते सांगत नाही. हे तेल इंजिनात असतानाच्या काळात झीज किती वेगाने झाली, तेवढेच सांगतो. तेल बदलले की आधीच्या झिजेचा पुरावा ड्रेन प्लगमधून वाहून जातो.

बँकेच्या उदाहरणाने सांगतो. अहवाल म्हणजे असे पासबुक की ज्यात या महिन्यात किती पैसे काढले ते लिहिले आहे, पण शिल्लक लिहिलेली नाही. या महिन्यात दहाच डॉलर काढले हे वाचून तुम्ही निश्चिंत व्हाल. पण खात्यात दहा हजार आहेत की वीसच उरले आहेत, हे त्यावरून कसे कळणार? पहिल्या मालकाने पाच वर्षे गार इंजिन पिळून बेअरिंगचा लेप संपवला असेल आणि दुसऱ्याने सांभाळून चालवले असेल, तर दुसऱ्याचा अहवाल निर्मळ येऊ शकतो. अहवाल निर्दोष, पण उघडल्यावर तांबे दिसते, अशी उदाहरणे या गाडीच्या मालकांना चांगली माहीत आहेत.

म्हणून त्या गृहस्थांना आम्ही सांगितलं, "एका निर्मळ रिपोर्टवर गाडी घेऊ नका. रिपोर्ट खराब असता तर तो ऐकायला हवा होता. चांगला आहे, तर तो एक साक्षीदार समजा, निकाल नव्हे. पाच-सहा रिपोर्टची मालिका असेल तर गोष्ट वेगळी. नसेल, तर बेअरिंग बदलण्याचा खर्च गाडीच्या किमतीत धरा आणि मगच सौदा करा." ते जरा नाराज झाले खरे. त्यांना 'हो' हवे होते!

मालिकेचा उपयोग कसा, ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा, शिशाच्या बेअरिंगची गाडी आहे. पहिल्या अहवालात ५,००० मैलांनंतर शिसे ६. दुसऱ्यात ५,००० मैलांनंतर ७. तिसऱ्यात ९. वरवर पाहता किरकोळ वाढ. पण तिसऱ्या वेळी तेल फक्त २,५०० मैल चालले होते. हजार मैलांमागे हिशेब करा : १.२, मग १.४, मग ३.६. झिजेचा वेग अडीचपट झाला! अशा वेळी लगेच इंजिन उघडायला धावू नये, पण वाटही बघत बसू नये. हजार-दीड हजार मैलांनी पुन्हा नमुना पाठवावा. वेग तसाच राहिला किंवा वाढला, तर बेअरिंग्ज उतरवून बघाव्यात. मध्ये तेल वरून घातले असेल तर त्याचाही हिशेब हवा, कारण नवे तेल मिसळले की धातूचे प्रमाण पातळ होते आणि आकडा खोटेच समाधान देतो.

यंत्राला न दिसणारे

आणखी एक मर्यादा. प्लाझ्माच्या फवाऱ्यात अगदी बारीक कण नीट जळतात, साधारण पाच ते आठ मायक्रॉनपर्यंतचे. त्याहून मोठे कण मोजणीतून निसटतात. माणसाचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज घ्या. बेअरिंग हळूहळू झिजत असेल तर बारीक पूड पडते आणि अहवालात दिसते. पण थकव्याने तडे जाऊन पापुद्रे सुटू लागले, तर ते मोठे तुकडे यंत्राला दिसतच नाहीत. ते सापडतात फिल्टरमध्ये. म्हणून तेल बदलताना जुना फिल्टर फेकून देऊ नये. या गाडीत कागदी घडीचा फिल्टर असतो. घड्या उलगडून उजेडात, पांढऱ्या कापडावर बघाव्यात. चमकणारे कण दिसले तर त्यांच्यावर लोहचुंबक फिरवावा. चिकटले तर लोखंड. न चिकटणारे चमकदार कण जास्त काळजीचे, कारण बेअरिंगच्या वरच्या थरांना चुंबक ओढत नाही. फिल्टर तपासायला एक डॉलरही लागत नाही आणि अहवालाच्या आंधळ्या बाजूचे काम होते.

काय करावे, थोडक्यात

नमुना इंजिन गरम असताना, तेल वाहू लागल्यावर मधल्या धारेतला घ्यावा. पहिल्या धारेत तळाचा गाळ येतो. बाटली कोरडी आणि स्वच्छ हवी. मसाल्याची धुतलेली बाटली चालेल, असे समजू नये! बाटलीबरोबर गाडीचे मैल, तेलाचे मैल, तेलाचा ब्रँड आणि मध्ये घातलेले तेल ही माहिती लिहून पाठवावी. दर वेळी शक्यतो एकच तेल आणि एकच प्रयोगशाळा ठेवावी. रेसट्रॅकवर गाडी नेली असेल तर तेही नोंदवावे, म्हणजे एखादा आकडा का उडाला ते नंतर कळते.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय : गार इंजिन पिळू नये. या एम थ्रीच्या टॅकोमीटरवर दिव्यांची एक ओळ असते. तेल तापत जाते तसतसे ते दिवे विझत जातात आणि परवानगीची मर्यादा वर सरकते. ते शोभेसाठी नाहीत. सगळे दिवे विझेपर्यंत चार-पाच हजार फेऱ्यांच्या आत राहावे. कामावर जायला उशीर झाला, तरीही!

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, आमच्या मिनीव्हॅनला याची काय गरज? खरे सांगायचे तर फारशी नाही. तिचे तेल वेळेवर बदला, पुरे झाले. पण ज्या गाडीचे एखादे दुखणे माहीत आहे, जिचे इंजिन महाग आहे, जी आपण दहा वर्षे ठेवणार आहोत, तिच्यासाठी आजपासून कागद साठवायला लागा. पहिला अहवाल जवळजवळ काहीच सांगणार नाही. चौथा बोलू लागेल. आणि उद्या गाडी विकायची वेळ आली, तर घेणाऱ्याच्या हातात नुसता एक कागद न देता सबंध फाइल देता येईल. प्रामाणिक विक्रेत्याला याहून चांगली शिफारस नाही.

पुढच्या अंकात ब्रेकचे तेल आणि त्यात मुरणारे पाणी. तोपर्यंत आपल्या शंका जरूर कळवा.